दहा बोटं, एक रिपोर्ट आणि सोसायटीभर बोभाटा

ऐकलंत का? सी विंगमधल्या साडेचार वर्षांच्या चिरंजीवांचा डावा मेंदू ५१.३ टक्के निघाला! उजवा उरलेला ४८.७. म्हणजे पोरगं इंजिनिअर होणार आणि उरलेल्या उजव्यात जमलंच तर रविवारी गिटार वाजवणार, असा खुलासा रिपोर्टातच आहे. रिपोर्ट जाडजूड, रंगीत, स्पायरल बाइंडिंगचा, मुखपृष्ठावर चमकणारा मेंदू. मुलाला अजून डाव्या पायात डावी चप्पल घालता येत नाही, पण डाव्या मेंदूचा हिशेब दशांशापर्यंत लागला आहे.

आजींनी देवापुढे साखर ठेवली. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. आणि आईने त्यातलं रंगीत तक्त्याचं पान सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यापासून बी विंगमध्ये जी शांतता पसरली आहे, ती एरवी दहावीच्या निकालाला शेजारच्या मुलीला चार टक्के जास्त पडल्यावरच पसरते. संध्याकाळी बागेतल्या बाकांवर विषय एकच. "अगंबाई, तुमच्याकडे अजून नाही केली टेस्ट?" प्रश्न असा दबक्या आवाजात, जणू पोलिओचा डोस चुकलाय.

ज्यांच्या इमारतीत हे लोण अजून पोचलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. या प्रकाराला डीएमआयटी म्हणतात. पूर्ण नाव डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट. सांगणाऱ्याची जीभ एवढ्या लांब नावावरून न अडखळता गेली की ऐकणाऱ्याचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घ्यायचे. ते म्हणे सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि बाहेर पडतो जन्मजात बुद्धीचा नकाशा. गणित किती, भाषा किती, संगीत किती, पुढारीपण किती, सायन्स घ्यावं की कॉमर्स, सगळं. मूल तीन वर्षांचं असलं तरी चालतं. उलट जितकं लहान तितकं बरं, कारण पुढे ते स्वतः बोलायला लागतं आणि रिपोर्टशी विसंगत वागायला लागतं.

आता मला सांगा, यात नवीन काय आहे? आपल्याकडे बारशालाच एखादी आत्या बाळाची मूठ उघडून शंख किती, चक्रं किती मोजायची. चक्रं जास्त निघाली की "राजयोग आहे हो!" आणि शंख जास्त निघाले तरी काहीतरी बरंच निघायचं, कारण घुगऱ्या खाऊन झाल्यावर वाईट भविष्य सांगायची रीत नव्हती. सगळं फुकट. त्याच शंखाला आता लूप म्हणतात, चक्राला व्होर्ल म्हणतात, आणि आत्याच्या जागी टाय लावलेला काउन्सेलर बसतो. भविष्य मात्र तेच. अजून एकाही रिपोर्टात "बाळ बेतास बात आहे, फार अपेक्षा ठेवू नका" असं छापून आल्याचं निदान आमच्या बाकांवर तरी कोणी ऐकलेलं नाही.

डर्मॅटोग्लिफिक्स हे खरंखुरं शास्त्र आहे, बरं का. हॅरॉल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो या दोघांनी १९२६ साली हे नाव रूढ केलं. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात अवस्थांमध्ये तळहाताच्या रेषा आणि बोटांवरच्या नक्षीची ठेवण वेगळी दिसते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण तिथून "मुलगा मार्केटिंगमध्ये चमकेल" इथवर उडी कशी मारली, हे विचारलंत की काउन्सेलर आवाज खाली आणतो. "मॅडम, बोटांवरच्या रेषा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून, एकाच काळात घडतात." घडतात ना! केस, नखं आणि दातांवरचं इनॅमलही त्याच थरातून घडतं. मग मुलाच्या दुधाच्या दातावरून त्याचा नीटचा रँक का नाही काढून देत? दात तर आपसूक पडतो, स्कॅनरचा खर्चही वाचेल.

आणि जुळ्यांचं काय? एकाच बीजापासून झालेली, आरशात पाहिल्यासारखी दिसणारी जुळी मुलं घ्या. जनुकं तीच, घर तेच, डबा तोच. पण बोटांचे ठसे वेगळे. या शास्त्रानुसार एक जण शास्त्रज्ञ आणि दुसरा नर्तक निघू शकतो, आणि आईला दोन रिपोर्टांची फी भरावी लागते. जुळ्यांना सवलत असते म्हणे. असेलही.

पण खरी गंमत पुढे आहे. हा सगळा उद्योग सव्वाशे वर्षांपूर्वीच एका साहेबाने करून पाहिला होता आणि हात टेकले होते. साहेबाचं नाव फ्रान्सिस गाल्टन. चार्ल्स डार्विनचा नात्यातला भाऊ. १८६९ साली याने "हेरिडिटरी जीनियस" नावाचा ग्रंथ लिहून थोर माणसांच्या घराण्यांतच थोर माणसं कशी जन्मतात ते मांडलं. निसर्ग की संगोपन, ही जोडी वादात रुजवली तीही यानेच. बुद्धी रक्तातून येते यावर त्याचा इतका विश्वास की "चांगल्या बीजाची" माणसं वाढवावीत, असा पुढे फार वाईट वळणावर गेलेला विचारही त्याचाच. म्हणजे "मुळात असावं लागतं हो" या पक्षाचा हा आद्य संस्थापक. याच माणसाने १८९२ साली "फिंगर प्रिंट्स" हे पुस्तक लिहिलं. ठशांवरून माणूस ओळखता येतो हे त्याने पक्कं मांडलं आणि पोलिसांचं भलं केलं. पण त्याला आणखी एक आशा होती, की ठशांवरून स्वभाव आणि बुद्धीही कळेल. म्हणून त्याने शास्त्राचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर, बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं, अशा सगळ्यांचे ठसे गोळा केले. फरक शून्य. मोठ्या विचारवंतांच्या आणि मुत्सद्द्यांच्या ठशांसारखेच ठसे जन्मतः मंदबुद्धी ठरवलेल्या लोकांतही सापडतात, असं त्याने निमूट लिहून टाकलं. ज्याला सापडावं अशी सर्वांत जास्त इच्छा होती त्यालाच सापडलं नाही, आणि आमच्या नाक्यावरच्या पहिल्या मजल्यावर, पिठाच्या गिरणीच्या वर, ते चाळीस मिनिटांत सापडतं!

नावातलं "मल्टिपल इंटेलिजन्स" उचललंय हॉवर्ड गार्डनर यांच्याकडून. बुद्धी एकच नसते, तिचे निरनिराळे प्रकार असतात, असं त्यांनी १९८३ साली मांडलं. मानसशास्त्रज्ञांमध्ये त्यावर आजही वाद आहेत. पण गार्डनर यांनी कोणाच्या अंगठ्याला शाई लावून ते प्रकार मोजले नव्हते. त्यांचं नाव पाहुण्यांच्या पंक्तीत वाढपी म्हणून जोडलं गेलं, त्यांना न विचारता.

याच्याही वरताण एक प्रकार काही वर्षांपूर्वी येऊन गेला होता, आठवतो का? मिडब्रेन ॲक्टिव्हेशन! मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि ते मूल म्हणे वासावरून रंग ओळखणार, पत्ते ओळखणार, वर्तमानपत्र वाचणार. हॉलमध्ये प्रात्यक्षिक, आयांच्या डोळ्यांत पाणी, काउंटरवर रांग. मंगळुरूचे नरेंद्र नायक आणि इतर विवेकवादी मंडळींनी जाऊन पाहिलं तेव्हा "सुप्त शक्ती" नाकाशेजारच्या फटीतून डोकावताना सापडली. पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या उतारावर जागा राहतेच. ती फट नीट बुजवली की शक्ती पुन्हा सुप्त. आणि मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, बिचारा जन्मापासून कामावर आहे. डोळे हलवणं, आवाजाकडे मान वळवणं ही त्याचीच कामं. त्याला फी भरून जागं करायचं म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनला गजर लावून देणं. खरं दुःख वेगळंच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांनी हजारो रुपये भरलेल्या पालकांसमोर खोटं बोलायला शिकावं आणि पालकांनी टाळ्या वाजवाव्यात. तेवढी एक कला मात्र तिथे सक्रिय झाली.

तुम्ही म्हणाल, बाई जन्मजातवाल्यांच्या मागे हात धुऊन लागली. थांबा, पलीकडचा पक्षही काही कमी नाही.

तो पक्ष म्हणजे मेहनतवाले. त्यांच्या मते हुशारी वगैरे सब झूट, मूल म्हणजे तास. यांचा मंत्र दहा हजार तासांचा. डी विंगमधल्या एका बाबांनी तर एक्सेल शीटच केलंय. रोज तीन तास धरले तर दहा हजार तासांना नऊ वर्षं लागतात. पाचव्या वर्षी सुरू केलं तर चौदाव्या वर्षी मूल जागतिक दर्जाचं, म्हणजे दहावीच्या आत सगळं उरकलं. विषय कोणता, हा कॉलम अजून रिकामा आहे. तो रिपोर्ट आल्यावर भरायचा आहे! म्हणजे पाहा, हीच मंडळी सोमवारी जन्मजात आणि मंगळवारी मेहनत. दोन्ही क्लासच्या पावत्या एकाच फाइलीत.

या दहा हजारांची जन्मकथा ऐका. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ साली निबंध लिहिला. सर्वांत चांगल्या गटातल्या वादकांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांवर तास एकट्याने सराव केला होता. सरासरी! २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांनी "आउटलायर्स" पुस्तकात त्या आकड्याचा नियम करून टाकला, आणि नियम म्हटला की आपल्याकडे त्याचा क्लास निघतोच. एरिक्सन पुढे सांगत राहिले की नुसते तास मोजून काही होत नाही. सराव कसा, कोणाच्या नजरेखाली, नेमक्या कुठल्या चुकीवर, हे महत्त्वाचं. पण एक्सेल शीटमध्ये तास बसतात, नजर बसत नाही.

आणि हे तर मी हळूच सांगते, क्लासवाल्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. २०१४ साली ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा पद्धतशीर सरावाच्या फरकाने उलगडतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के. संगीतात २१. मैदानी खेळांत १८. आणि शिक्षणात? चार टक्के! सहावीपासूनचा फाउंडेशन कोर्स, शनिवार-रविवारची टेस्ट सिरीज, लातूर पॅटर्नच्या नावाने पहाटे चारला लावलेला गजर, आणि हाती चार. एरिक्सन यांना ही बेरीज पटली नव्हती, कसला सराव मोजला यावरच त्यांचा आक्षेप होता, आणि त्या वादात मी पडत नाही. पण सराव फुकट जातो असा याचा अर्थ मुळीच नाही. सराव न करता कोणी पोचलेलं नाही. फक्त उरलेला भाग कशाचा, ते पावतीवर छापलेलं नसतं, एवढंच.

हा वाद कुठल्याही मराठी घरात रंगला की दहाव्या मिनिटाला सचिन येतो. जन्मजातवाले म्हणतात, "देवाने घडवूनच पाठवला होता." मेहनतवाले म्हणतात, "आचरेकर सरांनी रगडला म्हणून झाला." दोघेही त्या मुलाला आपापल्या बाजूला ओढत असतात. जरा नीट पाहू या. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक. आई एलआयसीत. गाल्टनच्या हिशेबाने मुलगा कवी व्हायला हवा होता, निदान विमा एजंट तरी. वांद्र्याच्या साहित्य सहवास वसाहतीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या या दंगेखोर पोराची बॅट काही वेगळीच फिरते, हे कोणाच्या लक्षात आलं? मोठ्या भावाच्या, अजितच्या. त्याने ठसे घेतले नाहीत. तो गच्चीत उभा राहून बघत होता म्हणा, खाली उभा राहून म्हणा, बघत होता एवढं खरं.

मग अजित त्याला शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. साल १९८४, वय अकरा. आणि पहिल्याच चाचणीत हा मुलगा चाचपडला. सर समोर उभे, हात चालेना. सरांनी जवळजवळ नाहीच म्हटलं होतं. अजितने गळ घातली, तुम्ही दूर जाऊन, त्याला कळू न देता बघा. सर गेल्याचं दाखवून लांबून, झाडाआडून बघत राहिले, आणि मग पोरगं खेळलं. हे सचिनने स्वतः आत्मचरित्रात सांगितलंय. आता विचार करा, तिथे चाळीस मिनिटांची "असेसमेंट" असती तर? रिपोर्ट आला असता, "क्रिकेट : कमी. सुचवलेले पर्याय : हॉटेल मॅनेजमेंट."

आणि मेहनत म्हणाल तर तीही अशी तशी नाही. सकाळी साडेसातपासून नेट्स, संध्याकाळी पुन्हा नेट्स. त्या पहिल्या उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सराव सामने. खेळाचे कपडे एकच जोड, म्हणून सकाळच्या सत्रानंतर धुऊन वाळत घालायचे आणि संध्याकाळी घालायचे तेव्हा खिसे ओलेच. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, बाद करेल त्याचं ते, आणि कोणीच बाद करू शकलं नाही तर सचिनचं. पोरगं दांडी मारून वसाहतीत खेळत बसलं तर सर स्कूटर घेऊन हजर. त्या स्कूटरमागे बसवून त्याला या मैदानावरून त्या मैदानावर नेणारे आचरेकर सर स्वतः आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. त्यांच्या बोटांत काय लिहिलं होतं, विचारा की त्या सॉफ्टवेअरला.

बरं, त्याच आचरेकरांचा आणखी एक विद्यार्थी. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. सचिन आणि विनोद कांबळी यांची ती ६६४ धावांची भागी सगळ्यांना पाठ आहे. पण पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून बसून राहिलेला मुलगा आठवतो? अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. प्रतिभा नव्हती? मेहनत नव्हती? दोन्ही होतं. जागा नव्हती. त्याच काळात मधल्या फळीत कोण कोण ठाण मांडून होतं ते तुम्हीच मोजा. पुढे २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला तेव्हा संघाचा प्रशिक्षक होता हाच माणूस. कुठल्या रिपोर्टात "वयाच्या पन्नाशीत विश्वविजेता, पण दुसऱ्यांना खेळवून" असा रकाना असतो?

क्रिकेट राहू द्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी चार घरांत पट आले, आठवड्यात क्लास आला, आणि महिन्यात एका आईने विचारलं, "सर, हिला ग्रँडमास्टर व्हायला किती बॅचेस लागतील?"

बुद्धिबळातला सर्वांत मोठा तमाशा मात्र हंगेरीत झालेला आहे. लास्लो पोल्गार नावाच्या शिक्षकाने लग्नाआधीच जाहीर केलं होतं की प्रतिभावंत जन्मत नाहीत, घडवले जातात, आणि मी माझ्या मुलांवर ते सिद्ध करून दाखवणार. या प्रयोगात साथ द्यायला तयार असलेली बायको त्याने पत्रव्यवहारातून मिळवली. आपल्याकडे स्थळं बघताना पगार, उंची आणि गोत्र विचारतात, याने प्रयोगाची संमती विचारली! तीन मुली झाल्या. झुझा, झोफिया आणि युदित. शाळेऐवजी घरीच शिक्षण, रोज तासन् तास पट. धाकटी युदित डिसेंबर १९९१ मध्ये पंधरा वर्षं चार महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली आणि तिने बॉबी फिशरचा विक्रम मोडला. मेहनतवाल्यांची दिवाळी!

पण जरा बारकाईने वाचा. बापाने "प्रतिभावंत" करायचं ठरवलं होतं, बुद्धिबळपटू नव्हे. चार वर्षांच्या थोरलीला घरात पट आणि सोंगट्या सापडल्या आणि ती त्यातून उठेना, म्हणून बुद्धिबळ ठरलं. निवड मुलीची होती. आणि घर एक, बाप एक, प्रयोग एक, तरी तिघी तीन वाटांनी गेल्या. थोरली महिलांची जगज्जेती झाली. मधलीने १९८९ साली, चौदाव्या वर्षी, रोमच्या स्पर्धेत ग्रँडमास्टरांना मागे टाकत नऊपैकी साडेआठ गुण मिळवले, आणि तरीही ग्रँडमास्टरपदापर्यंत ती गेली नाही. धाकटी पुरुषांच्या पहिल्या दहांत बसली. सगळं मेहनतीवर असतं तर तिघींचा शेवट एकाच ओळीत व्हायला हवा होता.

असं घर आपल्याकडेही होतं, गिरगावातच. "नवाकाळ"चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली वासंतीने जिंकली आणि पुढची कितीतरी वर्षं ते अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी यांच्याच घरात फिरत राहिलं. रोहिणी तर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन बसली आणि एवढा गहजब झाला की प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं. तिकडून निकाल आला, मुलींना अडवता येणार नाही. जन्मजात म्हणाल तर तिघी बहिणी, घरातलं वातावरण म्हणाल तर घर एक. कुठली बाजू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते सांगून दाखवा.

गाण्यात तर "दैवी देणगी" म्हटल्याशिवाय सूत्रसंचालकाचं वाक्य पुरं होत नाही. झी मराठीवर "लिटिल चॅम्प्स" चालू होतं तेव्हा, २००८-०९ साली, संध्याकाळी महाराष्ट्रात रस्ते ओस पडायचे आणि घराघरांतली सात वर्षांची मुलं पेटीसमोर बसवली जायची. विजेत्या कार्तिकी गायकवाडचे वडील कल्याणजी स्वतः गायक-संगीतकार. आर्या आंबेकरची आई श्रुती शास्त्रीय गायिका. देवाने देणगी दिली खरी, पण ती पोचवायला रियाजाला बसणारा माणूस घरातच ठेवला होता. कुमार गंधर्वांचं उदाहरण तर नेहमीच दिलं जातं. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाणारं पोर. पुढचं कोणी सांगत नाही, की एवढं गाता येत असूनही त्यांना मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षं शिकायला ठेवलं होतं. नक्कल अंगात होती, गाणं शिकावं लागलं.

आता कौतुकाचा प्रकार ऐका. आपण मुलाला "हुशार ग माझं बाळ!" म्हणतो ना, त्याचंही प्रकरण आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांना कोडी दिली आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. काहींना सांगितलं, "किती हुशार आहेस!" काहींना, "किती मन लावून केलंस!" मग दोन्ही गटांना अवघड कोडी देऊन पाडलं आणि पुन्हा सोपी दिली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं सुधारली, हुशारीचं कौतुक झालेली घसरली. वर, दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण लिहायला सांगितल्यावर "हुशार" गटातल्या दहांपैकी जवळजवळ चौघांनी ते फुगवून लिहिले. म्हणजे शाबासकी आपण दिली आणि लबाडी त्याने शिकली. आता ५१.३ टक्केवाल्या बाळाला तर लेखी आणि लॅमिनेट केलेली शाबासकी मिळालीय. गणितात पहिल्यांदा नापास होईल तेव्हा तो बिचारा कुठलं बोट दाखवेल?

मग एवढं सगळं असूनही रांगा का लागतात? माझं मत ऐका, आवडलं नाही तर सोडून द्या. हे रिपोर्ट मुलांसाठी नसतातच मुळी. ते आपल्यासाठी असतात. देणगी असली तर ती आपल्या घराण्याची, आणि मेहनत असली तर ती आपल्या पैशांची. दोन्हीकडून श्रेय घरातच. आणि मुख्य म्हणजे रिपोर्ट मिळाला की बघायचं काम संपतं. मूल शाळेतून आल्यावर कोणीही न सांगता काय करत बसतं, कशात हाक मारली तरी ऐकत नाही, काय बिघडलं तर चिडून पुन्हा मांडायला बसतं, हे बघायला महिने लागतात. अजितसारखं उभं राहावं लागतं. फोन खाली ठेवावा लागतो. त्यापेक्षा दहा बोटं स्कॅनरवर टेकवणं स्वस्त आहे, फी धरूनही.

एलेन विनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी असाधारण मुलांवर १९९६ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की अशा मुलांना आपल्या विषयात प्रभुत्व मिळवायचं वेडच असतं. त्यांना सरावाला ढकलावं लागत नाही, जेवायला उठवावं लागतं. म्हणजे तासन् तास खपावंसं वाटणं हाच देणगीचा मोठा भाग. मग देणगी एका तागडीत आणि मेहनत दुसरीत टाकून भांडायचं कसलं? वेड मुलाकडे असतं. त्याला वेळ, गुरू, पट, पेटी आणि वेळप्रसंगी स्कूटर पुरवायची, एवढंच काम मोठ्यांकडे येतं. आणि असं वेड नसेल तर? तर मूल चारचौघांसारखं, सुखी आणि उपयोगी निघेल, जसे तुम्ही-मी निघालो. बी विंगमध्ये याला अजूनही अपयश म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

तरीही जायचंच असेल टेस्टला, तर जा बाई, शेजारधर्म म्हणून अडवत नाही. फक्त पैसे भरण्याआधी काउन्सेलरला एवढंच विचारा, की तुमचा स्वतःचा रिपोर्ट काय आला होता? तो म्हणेल, "आमच्या लहानपणी ही सोय नव्हती, मॅडम." मग डोळे मोठे करून, पदर सावरत पुढचा प्रश्न टाका. "अगंबाई! मग एवढा चांगला धंदा तुम्हाला जमला तरी कसा हो? जन्मजात, की मेहनतीने?"